मुक्ताचं मनगट

७ डिसें., शनि., अंदमान
मुक्ता सापडली. जिवंत. पावणेदोन तास एकटी समुद्रावर तरंगत होती. बोटीत ओढून घेतली तेव्हा ओठ निळे, आणि पहिलं काय बोलली तर, "ताई, तू वर आलीस ना?" माझ्या धाकट्या बहिणीने हे मला विचारावं.
बाकीचं उद्या.

८ डिसें.
क्रमाने लिहून बघते. बेटापासून दोन तासांवर पाण्यात बुडालेला डोंगर. वरून काहीच दिसत नाही, नुसतं निळं पाणी. माथा अठ्ठावीस मीटर खाली. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून, नांगराची दोरी धरून उतरलो. पुढे आमचा गाइड फ्रान्सिस, मागे आम्ही दोघी आणि आणखी एक जोडी. प्रवाह इतका की दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या आडव्या झालो. माथ्यावर पोचून खडक धरला. डावा हात खडकावर, उजव्यात मुक्ताचं मनगट. इथपर्यंत पक्कं.
मग तिने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. 'छान' असा नाही. पहिल्या दिवसापासून पाठ आहे मला. तरी मी नुसती मान हलवली आणि माशांकडे बघत राहिले. शेकडो, चंदेरी, त्या प्रवाहात जागच्या जागी उभे.
वळून बघते तर हातात काही नाही.
मी सोडलं? तिने सोडवून घेतलं? की पाण्याने?

९ डिसें.
फ्रा.ला विचारलं. त्या वेळी तो दुसऱ्या जोडीकडे बघत होता. म्हणाला, इतक्या खोल गेलं की टाकीतल्या हवेने दारू चढल्यासारखं होतं, तिथलं जे आठवतंय ते सगळं खरं धरू नका, मॅडम.
मग कुठलं धरू?
मु. दिवसभर झोपून. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे.

११ डिसें., हैदराबाद
दुपारी हिमायतनगरला, घरी. मु. जेवायला थांबली. आईने आल्या आल्या विचारलं, "दोघी बरोबरच होत्या ना गं?"
मी तोंड उघडलं. भात कालवता कालवता मु.च बोलली, "हौ आई. ताईने शेवटपर्यंत हात सोडला नाही."
आईने माझ्या पानात आणखी वरण वाढलं.
का म्हणाली असं? मला वाचवायला? की टोमणा? चेहऱ्यावरून काहीच कळेना.

१४ डिसें.
जामबागला कॉलेज. सोपं समीकरण, फळ्यावर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आप ठीक है?" हौ म्हटलं.
घरी येऊन स्वतःचंच मनगट धरून बघितलं. बोटं आपोआप कधी सुटतात ते. मूर्खपणा.

१७ डिसें.
शेवटी सिकंदराबादला तिच्या घरी गेले. चहाचीही वाट न बघता विचारलं, "आईशी खोटं का बोललीस?"
"खोटं काय त्यात?"
"मुक्ता, तुझा अंगठा दिसला होता मला. दिसूनही मी हलले नाही."
ती बघतच राहिली. "कसला अंगठा? मी बोटांचा गोल केला होता. ठीक आहे म्हणून."
"नाही."
"ताई, ऐक. नंतर माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. घाबरले मी. तुझा हात झटकला आणि वर पळाले. तुला खाली टाकून." आणि रडायला लागली. "वर तरंगताना सारखं वाटत होतं, तू खाली मला शोधत बसली असशील. हवा संपली असेल तुझी."
तिला जवळ घेतलं. पण खरं सांगायचं तर मनात दुसरंच चाललं होतं: मी अंगठा पाहिलाय. स्वच्छ. नखाला लाल रंग होता.
परत येताना रिक्षात आठवलं, आम्ही दोघींनी हातमोजे घातले होते.

१८ डिसें.
मग नख कुठून आलं?
दोघींचं खरं असणं शक्य नाही. दोघींचं खोटं असू शकतं.

२९ डिसें.
मु.चा फोन. फेब्रुवारीत पुन्हा जातेय, त्याच ठिकाणी. "नाही गेले तर आयुष्यभर भीती राहील. तू येतेस?"
"नक्को" म्हणायचं होतं. तोंडातून "येते" गेलं. आईला अजून सांगितलं नाही. धीर होत नाही.

२ जाने.
फॉर्म आलाय. वय, आजार, सगळं भरलं. एक प्रश्न: पूर्वी पाण्याखाली जोडीदारापासून ताटातूट झाली होती का? 'हो'वर खूण केली. पुढे एकच ओळ: कारण.
पेन घेऊन बसून राहिले. शेवटी मु.ला फोन लावला, "त्या ओळीत तू काय लिहिलंस गं?"
"अजून काही नाही," म्हणाली. "तू आधी सांग."