लेकीपुढचा सराव पाठ

१९ ऑगस्ट २०२४
अंजू आजही फोनवर आली नाही. सासूबाई म्हणाल्या, "खेळून राह्यली." मागून तिचाच आवाज — "नाही बोलायचं मले!"
फोन ठेवला. खोलीत पंखा तेवढा बोलतो.

२० ऑगस्ट
बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला गणित अध्यापन पद्धतीत आम्ही चौघं. बाकीची तिघं तेवीस-चोवीसची. मला 'पूनमताई' म्हणतात आणि चहाला जाताना विसरतात. माझी एमएस्सी होऊन बारा वर्षं झाली. मधे लग्न, अंजू, मग नवरा हर्षल अपघातात गेला. त्यालाही चार वर्षं झाली.
मागच्या वर्षी बुलढाण्याला प्रवेश मिळाला तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. "शिकाले जाय. पण पोरगी सुलतानपूरलेच राहील."
मी हो म्हटलं. किती पटकन म्हटलं! हे कुणाला सांगितलेलं नाही.

४ सप्टेंबर
सराव पाठांसाठी शाळा मिळाली. वर्ग सहावीचा. अंजूचीच इयत्ता. बेचाळीस मुलं. हजेरी संपली तरी आणखी एक नाव वाचावंसं वाटतं.

१५ सप्टेंबर
आज आली फोनवर! घटक चाचणीत गणितात वीसपैकी सहा. मी म्हटलं, "अगं, मला विचारायचं ना. मी सांगितलं असतं."
मग —
"तू तं लोकाईच्या पोराईले शिकवतं न?"
ठेवून दिला.

१६ सप्टेंबर
पाठाला आमचे पद्धतीचे प्राध्यापक उत्तमराव सर मागे बसले होते. शेरा — "आशय उत्तम. मुलांकडे पाहत नाही."
कशी पाहू?

२ ऑक्टोबर
सुट्टी. कुणाशीही बोलले नाही. संध्याकाळी दुकानदाराला "साखर द्या" म्हटलं तर आवाज घोगरा निघाला.

३० ऑक्टोबर
दिवाळीला सुलतानपूरला आले. अंजू उंच झालीय. माझ्याकडून वेणी घालून घेत नाही. कंगवा घेऊन आजीकडेच जाते.

४ नोव्हेंबर
नीट लिहून ठेवते.
सुट्टीनंतरचा पाठ अपूर्णांकांच्या भागाकाराचा. टाचण काढत बसले होते, अंजू लांबून बघत होती. एकदम सुचलं. पाठाचा निरीक्षण तक्ता आणि लाल पेन तिच्या हातात दिला. "मी शिकवते. दहापैकी गुण दे. खरे द्यायचे."
ताठ बसली. मी दारावर खडूनं लिहिलं — ३ ÷ १/२. अपूर्णांक उलटा करायचा, गुणायचं, उत्तर सहा.
"थांब. भागलं तं कमी होते न? वाढलं काऊन?"
"नियम आहे तो."
लाल पेनानं काहीतरी लिहिलं तिनं. मान वर केली नाही. वर्षभरात इतक्या जवळून पाहिलं नव्हतं तिला. खडू खाली ठेवला. सासूबाई दूध मोजत होत्या. त्यांच्याकडून माप मागून घेतलं.
"तीन लिटर दूध आहे. हे माप अर्ध्या लिटरचं. किती वेळा भरशील?"
बोटं मोजली. "सहा." मग हळूच, "म्हंजे किती देल्लं ते नाही. किती वेळा देल्लं, ते!"
सासूबाईंचा हात थांबला होता. बाजेवर सासरे, मामाजी, पेपर धरून बसले होते, पान काही उलटत नव्हते.
गुण — दहापैकी चार. शेरा — "आवाज बारीक. रडल्यासारखी शिकवते. दूध चांगलं."

६ नोव्हेंबर
परत बुलढाणा. बसपर्यंत मामाजीच आले. अंजू दारापर्यंतही नाही. सासऱ्यांना काय सांगणार? "येते मामाजी," म्हटलं. ते म्हणाले, "हं."
चिखलीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

१४ नोव्हेंबर
पाठ झाला. दुधाचंच उदाहरण घेतलं. मुलांकडे पाहिलं — एकेकाकडे. शेवटच्या बाकावरची एक मुलगी ओरडलीच, "मॅडम, समजलं!"
उत्तमराव सरांनी विचारलं, "आज काय झालं?"
"काही नाही, सर."
खोलीवर आले. चहा केला. समोरची भिंत पाहत प्यायले.

१८ नोव्हेंबर
सकाळी दार वाजलं. मामाजी! मागे अंजू, दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन.
"तीन दिस झाले, जेवली नाही हे. मायजवळच जायचं म्हणते. तुह्या सासूनंच म्हटलं, नेऊन द्या तिले."
शाळा सोडल्याचा दाखला त्यांनी माझ्या हातात दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलंय — आईकडे राहण्यासाठी.