तिसरा काटा

प्रिय सर,

तुम्हाला जाऊन सात महिने झाले. त्यातले चार महिने मी तुम्हाला मनातल्या मनात चोर म्हणत होते. हे तोंडावर सांगायची सोय आता उरली नाही, म्हणून लिहिते आहे. उद्या आपल्या माशीवरचा लेख पाठवायचा आहे. तो जाण्याआधी हे पोटातून बाहेर पडू दे.

‘आपली’ माशी म्हणताना अजून अडखळते. ती माझीच होती ना, सर? आरोंद्याला, माझ्या माहेरच्या मागे, खाडीच्या ओहोटीच्या चिखलावर मीच ती पकडली होती. जेमतेम तीन मिलिमीटरची, हिरवी चकाकणारी, लांब पायांची. बाबा होडीतून ओरडले होते, “गो, मासे सोडून माशये कसले पकडतंस?”

या नादाला लावलंत तुम्हीच! रंगावर जाऊ नका, रंग फसवतो, असं तुम्ही आम्हाला कॉलेजात बजावायचात. नराच्या पोटाचं टोक कापायचं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हलकं गरम करायचं, आतलं मांस विरघळलं की ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचं. तिथले केसाएवढे काटे आणि पाकळीसारखे पातळ भाग जातीजातीत वेगळे. “आधी संशय घ्या, नाव मग द्या,” म्हणायचात. पुढे मी हायस्कूलात शिकवायला लागले, तरी रविवारी सावंतवाडीला तुमच्याकडे येणं चुकलं नाही. बारा वर्षं!

आणि तो रविवार आठवतो? मी माशी घेऊन धावतच जिना चढले होते. शाळेच्या मायक्रोस्कोपमधून मी ती सतरा वेळा पाहिली होती. आपल्याकडच्या नेहमीच्या जातीला टोकाच्या पाकळीवर दोन जाड काटे असतात. हिला तीन होते.

तुम्ही डोळा लावलात. दहा मिनिटं फोकसचा स्क्रू पुढेमागे फिरवत राहिलात. मग मान वर करून म्हणालात, “जुनीच आहे. दोनच काटे आहेत.”

“सर, तिसरा आतल्या अंगाला आहे.”

“तो धुळीचा कण आहे, नीता. इतकी वर्षं शिकून तुला कण आणि काटा कळू नये?”

काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखत बोललात ते. वर म्हणालात, “असू दे इथे. पेटीत ठेवतो.”

मी माशी ठेवून निघाले ती परत आले नाही. त्याच जूनमध्ये तळेऱ्याला बदली झाली आणि मला सबब मिळाली. तुम्ही एकदाही फोन केला नाहीत. मीही नाही. तेराव्याला आले ती मागे बसून, न जेवता निघून गेले.

त्यानंतर महिन्याभराने काकींचा फोन आला. “तुझ्या सरांच्यो पेट्यो न्हेतंस काय गो? हंय मुंगये लागतले.” मी गेले. त्यांच्याशी धड बोललेही नाही. घरी येऊन पेट्या उघडल्या. तिसऱ्या पेटीत, एका कोपऱ्यात, वेगळी टोचून ठेवलेली एकच माशी होती. टाचणीवर चढवताना माझ्या हातून तिच्या डाव्या मागच्या पायाचं टोक तुटलं होतं. हिचंही तुटलेलं होतं. माझीच!

पेटीखाली फाइल होती. आत चौदा चित्रं. पोटाचं टोक बाजूने, वरून, खालून. प्रत्येक चित्रात तीन काटे. पहिल्या पानावरची तारीख मी येऊन गेल्यानंतर पंधरा दिवसांची. सोबत टाइप केलेला अर्धा लेख होता. त्यात ‘नवी जात’ असे शब्द होते आणि लेखकाच्या नावाची जागा कोरी होती.

सांगा सर, तुमच्या जागी मी असते आणि माझ्या जागी तुम्ही, तर काय समजला असता? मला ‘कण’ म्हणून घालवून दिलंत, आणि पंधरा दिवसांत काटा झाला?

त्या दिवसापासून मी तुमच्या बारा वर्षांच्या प्रत्येक शब्दावर संशय घेतला. आंबोलीला सापडलेली ती दुसरी माशी, जी ‘हरवली’ म्हणालात, ती खरंच हरवली होती का? माझ्या वह्या तुम्ही ठेवून घ्यायचात, त्या कशाला? नवरा म्हणाला, “माणूस गेला, आता सोड.” मला सोडवेना.

पण संशय घ्यायला शिकवलंत ते धड शिकवलंत. उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्रं पुन्हा काढून बसले आणि लक्षात आलं, ही तुमची नव्हेत. तुम्ही छाया टिंबांनी भरायचात, इथे बारीक रेघा होत्या. खाली मापाची रेघ काढल्याशिवाय तुम्ही पेन्सिल ठेवत नसायचात. इथे ती रेघ एकाही चित्राला नव्हती. हात मात्र असा सराईत, की केसाएवढ्या काट्याचा बाक कुठे हलला नव्हता.

म्हणजे माझ्यामागून दुसरं कोणी येत होतं! माझी माशी त्याच्या हवाली केली होतीत. आता रागापेक्षा मत्सर जास्त झाला, हेही कबूल करते.

फाइल घेऊन मी सरळ सावंतवाडी गाठली. काकी अंगणात आमसुलं उलथत होत्या. हात कोपरापर्यंत लाल.

“काकी, शेवटची दोन वर्षं सरांकडे कोण येत होतं?”

“कोण येतलो? तू येवचा बंद केलंस, मगे कोण्णच नाय.”

“मग ही चित्रं कोणी काढली?”

त्यांनी फाइलकडे पाहिलं. हात धुतले, पदराला पुसले, आणि मगच फाइल घेतली.

“मियां,” स्वतःकडे बोट दाखवत म्हणाल्या.

मला वाटलं, तुम्हाला वाचवायला खोटं बोलताहेत. मी तसं म्हटलंसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. आत जाऊन कागद-पेन्सिल घेऊन आल्या आणि माझ्यासमोर, न बघता, ती पाकळी काढली. तीन काट्यांसकट. बारीक रेघांनी भरली.

“लग्नाआधी मी खेळण्यांका डोळे काढी. लाकडी बावलेक एका केसाच्या ब्रशान डोळो काढूचो लागता. ह्यां त्यापेक्षा सोपां.”

मग एकेक उलगडलं. तुमच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. बघाल त्याच्या मधोमध काळा डाग. मी माशी घेऊन आले, तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. “तेंका दिसना नाय होतां गो. माका शपथ घातलेली, कोणाक सांगू नको म्हणान.”

म्हणजे ती दहा मिनिटं तुम्ही काहीच बघत नव्हता! आणि त्या न दिसण्यावर मला बोललात?

मी गेल्यानंतर चार दिवस तुम्ही धड जेवला नाहीत म्हणे. मग काकींना मायक्रोस्कोपपुढे बसवलंत. “काटे किती?” त्या म्हणाल्या, तीन. “परत बघ.” तीन. आठवडाभर रोज विचारलंत. शेवटी काकी वैतागल्या: “तीन म्हणजे तीन! नीता सांगी होती तांच.” त्यावर तुम्ही उठून मागच्या पडवीत जाऊन बसलात.

फोन का नाही केलात, सर?

“हातात घेयत, आणि परत ठेयत,” काकी म्हणाल्या. “म्हणत, तिका काय सांगू? माका दिसना नाय म्हणान?”

मला रडू येत होतं, तरीही मी विचारलंच. विचारलं नसतं तर तुमची विद्यार्थिनी कसली? “काकी, लेख कोणाच्या नावाने छापणार होते?”

त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. “तां माका म्हायत नाय. खोटां कित्याक सांगू?”

तर ती जागा अजून कोरीच आहे. तुम्ही माझं नाव घातलं असतंत असं मानायला मन धावतं, पण पुरावा नाही. चोर म्हणणं मी सोडलं आहे. पुरतं निर्दोष मात्र ठरवलेलं नाही. चालेल ना?

एका नरावर जात ठरत नाही. म्हणून मे महिन्यात मी काकींना आरोंद्याला नेलं. साडी खोचून त्या कांदळाच्या मुळांमधून चिखलात उतरल्या. बाबांनी कपाळाला हात लावला, “आता दोघी झाले!” नऊ नर मिळाले. सहांना तीन काटे. तिघांना दोन! तिसरा काटा कुणाला असतो, कुणाला नसतो, एवढंच असेल, तर जात एकच, आणि तुमचं ‘जुनीच’ खरं.

काकी डोळा न काढता म्हणाल्या, “नीता, ह्या तिघांच्या मधल्या पायार केसांचो झुपको नाय, त्या सहांच्या आसा.” पंखाच्या शिरा पाहिल्या, त्याही वेगळ्या वळत होत्या. दोन जाती, एकाच चिखलावर, शेजारीशेजारी. त्यात तुमची जुनी होती आणि माझी नवीही. बाहेरच्या एका तज्ज्ञांनी फोटो पाहून कळवलंय की त्यांच्या माहितीतल्या कुठल्याच जातीशी ही जुळत नाही. नमुने पाहिल्याशिवाय मात्र शब्द देणार नाहीत. बरोबरच आहे.

लेखावर तीन नावं आहेत: माझं, काकींचं, तुमचं. याच क्रमाने. काकींनी विचारलं, “माझां नाव कशाक?” मी म्हटलं, “काटे कोणी मोजले?” तुमचं नाव माशीला दिलेलं नाही. ती आरोंद्याची, तिला आरोंद्याचंच नाव.

आता एक वचन देते, सर. शाळेतल्या तीन मुली यंदापासून माझ्याकडे माश्या घेऊन येतात. माझेही डोळे कधीतरी दगा देतील. त्या दिवशी मी मुलीच्या माशीला जुनी म्हणणार नाही. मायक्रोस्कोपवरून मान उचलून तिला सांगेन, “बाळा, मला दिसत नाहीये. तुला काय दिसतंय, ते सांग.”

तुमच्यावर अजूनही थोडी रागावलेली,
नीता