आंबेहळद आणि लिंबू

आये, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे बोलले, त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

माझी बारावी झाली होती. सरपंचांकडे नवा टीव्ही आला होता आणि त्यावर गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात लागायची. तू म्हणायचीस, "त्या ट्यूबीत काय घालतात कोण जाणे. आपलं परसातलं बरं." मग चुलीजवळ बसून तू आंबेहळद उगाळायचीस, मसुराचं पीठ सायीत कालवायचीस. पोफळीच्या वीजघरात नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आलं आणि तू त्यात लिंबू पिळायला लागलीस, रोज थोडं जास्त. मी ओरडले, तर म्हणालीस, "गप ऱ्हा. झोंबतंय म्हंजे लागू पडतंय."

पाहुणे यायच्या दिवशी माझे दोन्ही गाल सोलवटलेले. तू त्यावर पावडर थापलीस. मुलाच्या मावशीने विचारलं, "चेहऱ्याला काय झालं हो हिच्या?" तू पटकन म्हणालीस, "उन्हानं." मी पदराने पावडर पुसली आणि म्हटलं, "उन्हाने नाही, लिंबाने. मी गोरी व्हावी म्हणून रोज चोळलं होतं. मी अशीच आहे, काळी." चहा तसाच टाकून ते उठले. तू माझ्यावर हात उगारलास, आणि मग तोच हात तोंडावर धरून रडलीस. "मी काळी म्हणून तुझ्या आजीनं वर्षभर मला पंगतीत वाढू दिलं नाय. तुझं तसं होऊ नये, येवढंच." मी तुला जवळ घेतलं नाही. वाटी उचलली आणि लेप माडाच्या आळ्यात ओतला.

पुढे मी मास्तरीण झाले, लग्नही मनासारखं केलं. आता गावातल्या बायकांबरोबर उटणं करते, बिनलिंबाचं. मुंबईचा एक व्यापारी म्हणाला, "पाकिटावर 'गोरेपणासाठी' लिहा, हातोहात खपेल." मी म्हटलं, "कातडी मऊ होते, एवढंच लिहीन. खोटं लिहून मला पोरींचे गाल सोलायचे नाहीत." तो रिकाम्या हाताने गेला. बायका माझ्यावर चिडल्या. चिडू देत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक खरं लिहिते. गेल्या आठवड्यात मला नात झाली. नर्सने तिला माझ्या हातात दिलं, आणि आये, मी सगळ्यात आधी तिचा रंग पाहिला.