बाईचा अंगठा

माय, आज कोर्टात एका वकिलानं मला विचारलं, ठसा पाहून तो बाईचा की पुरुषाचा ते सांगता येतं का. ठसे तपासण्यातच माझी नोकरी सरत आली, तरी त्या प्रश्नानं अंगाचा तिळपापड झाला. बायकांच्या रेघा सहसा बारीक आणि दाट असतात, पुरुषांच्या रुंद, हे खरं आहे. पण सहसाच. एकट्या अंगठ्यावरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो थापा मारतोय, असं मी भर कोर्टात सांगितलं. जज्जसाहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण मला आपल्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी आठवले.

त्या दुष्काळात सोसायटी चारा द्यायची, तो फक्त सभासदांना. गाय तुझ्या नावावर, म्हणून सभासदाचा अर्जही तुझ्याच नावानं करायचा होता. तू मांजरसुंब्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचीस, म्हणून नवऱ्याच्या नात्यानं दादांनी अर्ज घरी आणला. तू कामावर निघण्याआधी त्यावर अंगठा उठवलास. मी झोपेतच होते. सेक्रेटरींनी तो कागद उजेडात धरला आणि दादांना म्हणाले, "ह्या रुंद, तुटक रेघा बाईच्या न्हाईत. तूच अंगठा हाणलास." अर्ज बाजूला पडला. दुसऱ्या दिवशी खाडा करून तू मला आणि गाईला घेऊन त्यांच्या दारात उभी राहतेस. त्यांच्यादेखत अंगठ्याला शाई लावतेस, रागानं कागदावर जोरात दाबतेस. उमटतो नुसता काळा डाग.

"आता तर रेघाच न्हाईत," ते म्हणतात.

"खडी फोडून झिजल्या. झिजल्या म्हंजी म्या बाई न्हाई व्हय?" असं म्हणून तू गाईचं दावं त्यांच्या खिडकीच्या गजाला बांधतेस. "ऱ्हाऊ द्या हितंच. चारा तुमीच घाला."

दुपारपर्यंत गाय हंबरत राहिली, लोक जमले, आणि यादीत तुझं नाव चढलं.

आजही रेशनच्या यंत्रावर बोट उमटलं नाही की कामकरी बायकांना दारातून परत लावतात. मी त्यांच्या बाजूनं लिहून देते. वरिष्ठ चिडतात. चिडू देत, मीही तुझ्याच पोटची आहे.

एवढं सगळं तोऱ्यात लिहिलं खरं. पत्र तुला धाडणार नाही, कपाटातच राहणार, म्हणून सांगून टाकते. तू दावं बांधत होतीस तेव्हा माझा तुझ्यावर विश्वास नव्हता. सेक्रेटरी शिकलेले, ते कशाला खोटं बोलतील? मलाही वाटलं होतं, अर्जावरचा अंगठा दादांचाच.