गेटपर्यंत सोडाले जाऊ नका

अहो,

तुमी झोपले होते म्हणून उठवलं नाही. मी सातच्या गाडीनं अकोल्याले जाऊन राहिली. तुमच्या मणक्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर तिथं फक्त गुरुवारी बसतात. त्यांचं पत्र आज घेऊनच येतो, मंग पाहू अपंगत्वाचा क्लेम कसा नाकारतात ते.

मी तक्रार केली म्हणून विमा कंपनीचा तो चौकशीवाला अकरा वाजता पुन्हा येऊन राहिला. मागच्या वेळी मी शाळेत होती. तुमी त्याच्यासाठी आतून खुर्ची आणली, चहा केला, वरून गेटपर्यंत सोडाले गेले. त्यानं लिहून नेलं की पेशंट बिना आधारानं चालतो. त्याच्या नंतर दोन दिवस तुमाले कूस बदलता आली नाही, ते लिहून घ्याले तो थोडीच थांबला होता!

आज खुर्ची पलंगाजवळच ठेवली आहे. चहा थर्मासमध्ये आहे, कप बाजूले आहेत. दार नुसतं लोटलं आहे. त्याले बिनधास्त म्हणा, चहा ओतून घ्या. त्यानं तुमची काही इज्जत जात नाही.

तरी तो निघाला की तुमी उठसानच, मले माहीत आहे. उठा मंग. पण लोकांसमोर दुखणं दाबून, हसत हसत उठता तसे नका उठू.

माह्यासमोर उठता तसे उठा.

सिंधू