या जेवायला

५ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! आमच्या जालन्याच्या गिरधारीलाल शेठनी इथं कोकणात खाडीकाठी घर घेतलंय. पाहुण्यांनी यावं, गळ टाकून मासे धरावे, खुश होऊन जावं. शेठ स्वतः कांदासुद्धा खात न्हाईत, अन् चालवणार मासेवाल्यांचं घर! राखणदार कोण, तर मी, टेंभुर्णीचा सोमेश्वर, ज्यानं विहिरीपलीकडं पाणी पाह्यलं न्हाई. पण घर झकास. सोयाबीन निघाली की तृप्तीला बोलावून घेतो. लग्न झाल्यापासून तिला स्वतःची अशी एक खोली मिळाली न्हाई. इथं मिळंल.

७ ऑक्टोबर
शेजारच्या दुर्गाबाई कोळणीनं गळाला कोळंबी लावायला शिकवलं. पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळलं की भरतीबरोबर जिताडे मासे आत येतात म्हणे. सकाळभर होडीत बसलो, एक मासा लागला न्हाई. दुपारी भाकरीचं फडकं सोडलं. आमच्याकडं शेतात पहिला घास बाजूला टाकतात, अन् बांधावर कोणी दिसलं की जेवायला या म्हणतातच. पलीकडं तिवरांच्या झाडीत कोणीतरी कमरेइतक्या पाण्यात उभं होतं. मी घास पाण्यात टाकला अन् हाक दिली, या जेवायला! ते जागचं हललं न्हाई. मंग गळ असा ओढला गेला की बस्स! दोन जिताडे, हात हातभर लांब.

८ ऑक्टोबर
दुर्गाबाईला हरखून सांगायला गेल्तो. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, खाडीत कोणी कोणाला जेवायला बोलवत नाही, तिवरांत उभं असतं ते माणूस नसतं. बोलावलं की ते रोज ताटावर येतं, अन् ताट रिकामं मिळालं की बोलावणाऱ्यालाच नेतं. तिचा दीर असाच गेला. मी हसलो. भूतं बी भाकरी खातात व्हय?

९ ऑक्टोबर
जेवता जेवता पाणी घ्यायला उठलो. येऊन बघतो तर भाकरी अर्धी. समोरची फरशी ओली, माणूस मांडी घालून बसावं एवढीच. बोट लावून चाखलं, खारट. मांजर आल्तं असंल.
मांजर ओलं कशाला असंल?

११ ऑक्टोबर
आता डोळ्यांदेखत. दिसत काही न्हाई, फक्त ताट रिकामं होतं. होत्या तेवढ्या भाकरी गेल्या, मला घास उरला न्हाई. जाम भ्यालो, खोटं कशाला बोलू. एसटीत जाऊन बसलो, गावाकडं निघालो. शेजारची सीट ओली झाली. पुढच्या थांब्यावर उतरून परत आलो. हे टेंभुर्णीला न्यायचं? आईच्या, तृप्तीच्या ताटावर? बिलकुल न्हाई.

१४ ऑक्टोबर
पीठ संपलं. तृप्तीचा फोन आल्ता. म्हणाली, सोयाबीन निघाली, आता मी बी निघते, भाकरी बांधून आणते. नको म्हटलं, ओरडलो, नको ते बोललो. तिला वाटलं, मी इथं कोणी ठेवलीय. तिनं फोन कापला, अन् बंदच ठेवला. देवा, काय करू मी—

१५ ऑक्टोबर
आवाज फुटत न्हाई. खोकलो की खारं पाणी येतं. दुर्गाबाईला खुणेनं विचारलं. ती रडायलाच लागली. बोलावणं मागं घेता येत नाही म्हणाली. पण नेतं ते फक्त बोलावणाऱ्याला, दुसऱ्याला हात लावत नाही.
मंग बरंय. मी जाईन. तृप्ती वाचंल.
फक्त तिनं कोणाला—

१६ ऑक्टोबर
तृप्ती आली. माझी दशा बघून रडली, रागावली, लगेच ताट वाढायला बसली. मला उठवत न्हाई. आवाज न्हाई. म्हणून लिहून राह्यलो, पान फाडून तिच्याकडं टाकतो—

तृप्ती, जल्दी वाच. दारात कोणी ओलं उभं राह्यलं तर बोलावू नको. तुझ्या तोंडून निघंलच, सवयच ती आपली, पण तोंड दाबून धर. मला जाऊ दे. तू—

पायरीवर पाणी ठिबकून राह्यलं—

तिनं मान वर केली. पदर सावरला. न्हाई तृप्ती, न्हाई— माझ्याकडं बघ— हसून दाराकडं बघते, म्हणते, या—