अवतरणचिन्हांविना वाचलेली अट

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. सोलापुरात मी आता मुलांना शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञा, लिहायला शिकवतो आणि अट लिहिताना चौकोनी कंसाच्या आत दोन्ही बाजूंना जागा सोडली नसेल तर कागद परत करतो. हे तुमच्याकडूनच आले. रुग्णालयाच्या संगणक कक्षात माझी पहिली स्क्रिप्ट पाहून तुम्ही म्हणाला होतात, "शुद्धलेखनाचा एवढा ताठा, आन् कंसात जागा सोडायला जिवावर येतंय व्हय?" सगळे हसले. त्यानंतर जागा सोडायला मी कधी विसरलो नाही. ते हसणेही विसरलो नाही.

तुमची एक रीत होती. स्क्रिप्ट चालू करण्यापूर्वी लिहिणाऱ्याने ती सर्वांसमोर मोठ्याने वाचायची आणि ऐकून झाल्यावर तुम्ही सही करायची. मोतीबिंदू वाढल्यावर तर तुम्ही केवळ कानांवर विसंबलात. त्या दिवशी मी वाचतो आहे: दुसऱ्या डिस्कवरच्या प्रतीचे उत्तर 'पूर्ण' नसेल तर थांब, नाहीतर जुन्या तपासण्यांच्या नोंदी पूस. तुम्ही विचारता, "आन् उत्तर मोकळंच आलं तर?" मी सांगतो, "अवतरणचिन्हांत घातले आहे, सर." तुम्ही सही करता.

पुढच्याच आठवड्यात प्रतीची डिस्क जोडायची राहिली आणि उत्तर मोकळे आले. अवतरणचिन्हे असती तर मोकळे म्हणजे 'पूर्ण' नव्हे, एवढे आज्ञा चालवणाऱ्या शेलला कळले असते आणि काम थांबले असते. ती नव्हती, म्हणून अटच मोडली. शेलने पडद्यावर एका ओळीची तक्रार लिहिली, अट खोटी धरली आणि 'नाहीतर'कडे वळून सर्व नोंदी पुसल्या. कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक जुने अहवाल मागत खिडकीशी उभे राहिले. चौकशीत मी नजरचूक झाल्याचे लेखी दिले. तुम्ही एवढेच म्हणालात, "ऐकून सही मी केली." राजीनामा देऊन तुम्ही मोहोळला परतलात. तुमच्या तेराव्याला काकू मला म्हणाल्या, "तुमच्याबद्दल लई सांगायचे. चुकंल, पण खोटं वाचणार न्हाय म्हणायचे."

ती नजरचूक नव्हती, सर. तुम्ही विचारलेत त्याच क्षणी चिन्हे नसल्याचे मला दिसले होते. सगळे बसले होते. पुन्हा हसले असते. सही झाल्यावर गुपचूप घालावीत असे ठरवले, आणि जेवायला निघून गेलो.

मोहोळच्या घरी आता तुमची मुलगी राहते. हे तिला पाठवले तर तुमच्यावरचा ठपका पुसला जाईल. पत्ता मला पाठ आहे. पाठवणार नाही. माझ्या हातून चूक होत नाही, असे वर्गातली मुले अजून मानतात.